पावसाळ्यात गोठ्यातील जनावरांना लेप्टोपासून कसे जपावे

मृग बरसला की आपल्याकडील गोठ्याची जमीन जी ओली होते, ती दिवाळीपर्यंत पुरती वाळत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात बांध्या (बांध घातलेली धानाची शेते), बोड्या (लहान शेततळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव तुडुंब भरलेले असतात, तर वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडे काळ्या मातीत ढोरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांतले पाणी आठ-आठ दिवस हटत नाही. लेप्टोस्पायरोसिस, ज्याला सगळे थोडक्यात लेप्टो म्हणतात, तो याच ओलीवर जगणारा रोग आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली, तेव्हापासून लेप्टो म्हणजे मुंबई-कोकणचा आजार अशी समजूत आपल्याकडे पक्की झाली आहे. ती समजूत जनावरे पाळणाऱ्याने मनातून काढून टाकावी. उंदीर, गुरे आणि साचलेले पाणी ही तिन्ही जेथे एकत्र आहेत तेथे हा रोग होऊ शकतो, आणि आपल्या गोठ्यात ती तिन्ही आहेत.

याचा जंतू मळसूत्रासारखा पिळलेला आणि अत्यंत बारीक असतो. जपानमध्ये १९१५ च्या सुमारास इनाडा आणि इदो या संशोधकांनी तो ओळखला. आज त्याचे अडीचशेहून अधिक रोगकारक उपप्रकार माहीत आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे आपापले ठरलेले यजमान प्राणी आहेत: हार्डजो हा गाईगुरांचा, पोमोना डुकरांचा, कॅनिकोला कुत्र्यांचा आणि इक्टेरोहेमोरेजी उंदरांचा. ठरलेल्या यजमानाला तो सहसा मोठा आजार देत नाही. मूत्रपिंडात ठाण मांडून बसतो आणि कित्येक महिने, कधी आयुष्यभर, लघवीतून बाहेर पडत राहतो. परका उपप्रकार अंगात शिरला, म्हणजे उंदराचा वासरात किंवा डुकराचा गाईत, तर आजार एकदम जोरात उठतो. म्हणून धष्टपुष्ट दिसणारी, वेळेवर खाणारी गायही लेप्टोची वाहक असू शकते, आणि नुसत्या नजरेने ती ओळखता येत नाही.

लघवीतून बाहेर पडलेला जंतू ओलसर मातीत किंवा डबक्याच्या पाण्यात अनेक आठवडे तग धरतो, मात्र त्याला ऊब लागते आणि पाणी आंबट असून चालत नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी आणि किंचित अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट आहे, त्यामुळे पावसाळ्यातील आपले शिवार त्याला मानवते. कडक ऊन, पूर्ण सुकणे, आम्लता आणि साधी जंतुनाशके मात्र त्याला सहन होत नाहीत. तो शरीरात शिरतो डोळे, नाक आणि तोंडाच्या नाजूक आवरणातून, कातडीवरील खरचटलेल्या जागेतून आणि फार वेळ पाण्यात भिजून मऊ पडलेल्या त्वचेतूनही. जोखडाने सोललेला खांदा, गोचीड काढल्यावर राहिलेली जखम किंवा रोवणीच्या दिवसांत चिखलाने फुटलेले आपले पाय, हे सगळे त्याच्यासाठी उघडे दरवाजे आहेत.

ओल कोठून कोठे जाते ते आधी पाहावे

औषधापूर्वीचे काम पायी करावयाचे आहे. पावसाची एक सर येऊन गेल्यावर गोठ्यात उभे राहावे आणि जनावरांच्या मागील पायांपासून लघवी कोणत्या वाटेने वाहते, ती कोठे थांबते, त्या जागी कोण तोंड लावते, हे डोळ्यांनी पाहत जावे. आमच्या गोठ्यात असे पाहिले तेव्हा म्हशींच्या मागची नाली भिंतीला वळसा घालून हातपंपाच्या ओट्याशी येत होती आणि त्याच खोलगट जागी वासरे पाणी पीत होती. बरीच वर्षे आम्ही त्या जागेवरून रोज ये-जा केली होती, पण ते कधी ध्यानात आले नव्हते. नालीला उतार देऊन ती शोषखड्ड्याकडे वळवली आणि ओट्याभोवती मुरूम घातला, एवढ्याने वासरांचे पाणी आणि म्हशींची लघवी वेगळी झाली.

गोठ्याच्या जमिनीला नालीच्या दिशेने थोडा उतार असावा. मातीच्या जमिनीत लघवीने खड्डे पडतात. ते मुरूम आणि चुना टाकून धुमसाने चोपून बुजवावेत. पाण्याचे टाके जमिनीपासून एवढे उंच असावे की त्यात लघवीचे शिंतोडे उडणार नाहीत. टाके आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, उन्हात वाळवून भरावे. विहिरीचे पाणी वापरत असाल तर ग्रामपंचायतीत मिळणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एक हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम या प्रमाणात वापरावी.

उन्हाळ्याचा आपल्याला जेवढा उपयोग करून घेता येतो तेवढा कोकणातील शेतकऱ्याला येत नाही. मेअखेरीस नवतपाच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत जनावरे बाहेर झाडाखाली बांधून गोठ्यातील वरची चार बोटे माती खरवडून काढावी, ती शेतात दूर नेऊन पसरावी आणि शक्य तेवढे ऊन आत येऊ द्यावे. हे काम मे महिन्यात झाले तर पावसाळ्याची सुरुवात कोरड्या, स्वच्छ जमिनीवर होते, आणि त्यासाठी खर्च म्हणावा असा काहीच येत नाही.

पावसाळ्यात जंतुनाशक वापरायचे झाल्यास एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळावी आणि ते द्रावण फरशीवर व नालीत ओतून अर्धा तास राहू द्यावे. त्याआधी शेण काढणे आणि लघवी भरपूर पाण्याने धुऊन टाकणे अत्यावश्यक आहे, कारण शेणात ब्लीचिंगचा जोर संपून जातो आणि साचलेल्या लघवीशी ते मिसळले तर डोळे व घसा जाळणारा वायू तयार होतो. हे करताना जनावरे बाहेर असावीत आणि दारे-खिडक्या उघड्या असाव्यात.

कोणत्या खुणांवरून संशय घ्यावा

वासरांत आणि मोठ्या जनावरांत हा रोग इतका वेगळा दिसतो की दोन्ही एकाच रोगाची रूपे आहेत हे पटत नाही. वासराला अचानक १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप चढतो, ते दूध सोडते, मान टाकते, श्वास जलद होतो आणि एक-दोन दिवसांत लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी होते. पाठोपाठ कावीळ दिसते. खालची पापणी हलकेच ओढून दिवसाच्या उजेडात पाहावी; निरोगी जनावराची आतली बाजू गुलाबी असते, येथे ती फिकट आणि पिवळसर दिसते. म्हशीची कातडी काळी असल्याने तिच्या बाबतीत पापणीबरोबर योनिमुखाची आतली बाजूही पाहावी. असे वासरू बघता बघता दगावू शकते, म्हणून लाल लघवी दिसली त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.

येथे एक घाई हमखास होते. लाल लघवी म्हटले की आपल्याकडे लगेच गोचीड ताप ठरवला जातो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण नुकत्याच व्यालेल्या किंवा जास्त दिवसांच्या गाभण म्हशीत फॉस्फरसच्या कमतरतेमुळेही लघवी लाल होते, आणि लेप्टोमुळेही. तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत. त्यामुळे पशुवैद्यक येईपर्यंत आपण एवढेच करावे: हातमोजे घालून, बाजूला उभे राहून, काचेच्या स्वच्छ बाटलीत लघवी धरावी. गाईच्या योनिमुखाखालच्या भागावर हाताने हळूहळू चोळले तर ती बहुधा लघवी करते. बाटली झाकण लावून तासभर न हलवता ठेवावी आणि मग उजेडाकडे धरून पाहावी. तळाशी लाल गाळ बसून वरचे पाणी निवळले असेल तर लघवीत रक्त उतरते आहे. वरपासून खालपर्यंत सगळी लघवी सारखीच लाल-तपकिरी राहिली असेल तर रक्तातील तांबड्या पेशी शरीरातच फुटत आहेत. लेप्टो, गोचीड ताप आणि फॉस्फरसची कमतरता या तिन्हींत दुसरे चित्र दिसते, म्हणजे यावरून रोग ठरत नाही. पण ती बाटली दाखवल्याने पशुवैद्यकाचे अर्धे प्रश्न सुटतात.

दुभत्या जनावरात खूण कासेत दिसते. दूध एकाएकी कमी होते, उरलेले घट्ट, पिवळसर, चिकासारखे येते, क्वचित त्यात रक्ताची छटा असते. दगडीत, म्हणजे नेहमीच्या कासदाहात, एखादाच सड सुजतो, कास गरम आणि टणक लागते. लेप्टोत चारही सडांचे दूध एकदम बिघडते आणि कास मात्र मऊ, सैल पडलेली असते. हा फरक हाताला कळतो, म्हणून धार काढणाऱ्यानेच तो ओळखावा. असे दूध दहा-पंधरा दिवसांत पूर्ववत होते आणि त्यामुळेच लोक ती गोष्ट विसरून जातात. पुढे महिना-दोन महिन्यांनी तीच गाय गाभडते (तिचा गर्भ पडतो), तेव्हा त्या दुधाची आठवण कोणाला राहत नाही. गोठ्यातील कॅलेंडरवर दुधात झालेला असा बदल तारखेसह लिहून ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

गाभडणे बहुधा गाभण काळाच्या शेवटच्या टप्प्यात होते, आणि गाय त्या वेळी आजारी दिसेलच असे नाही. काही ठिकाणी वासरू पूर्ण दिवसांचे पण मेलेले किंवा अगदी अशक्त जन्मते, काही ठिकाणी गाय वारंवार उलटते, म्हणजे फळवूनही गाभण राहत नाही. शेळ्या-मेंढ्यांत हा रोग तुलनेने कमी आढळतो, पण त्याही गाभडतात. डुकरांत पिल्ले मेलेली किंवा दुबळी जन्मतात. घोड्यात काही महिन्यांनी डोळा पुनःपुन्हा लाल होऊन शेवटी अंधत्व येऊ शकते. कुत्र्याला ताप, उलट्या, कावीळ होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

गाभडलेल्या जनावराची विल्हेवाट आणि आमच्या घरातली चूक

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आमची एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. थोरल्या भावाने मेलेले पिल्लू आणि वार उघड्या हातांनी पाटीत उचलली, नाल्याच्या काठी नेऊन टाकली आणि नाल्यातच हात धुतले. बारा-तेरा दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की त्याला उकिडवे बसता येईना, डोळे लाल झाले. साधा ताप समजून तीन दिवस गोळ्या झाल्या. म्हशीचा विषय आमच्यापैकी कोणीच डॉक्टरांपुढे काढला नाही, कारण त्याचा तापाशी काही संबंध असेल असे आम्हाला वाटलेच नाही. डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यावर त्याला मोठ्या दवाखान्यात दाखल करावे लागले. तो बरा झाला, पण ते दिवस आमच्या घराने फार भीतीत काढले. मी हे मार्गदर्शन लिहितो आहे त्याचे कारण तेच आहे.

म्हणून गाभडलेले पिल्लू, वार आणि त्याखालचे तणीस किंवा कुटार यांना उघडा हात लावू नये. रबरी हातमोजे, ते नसतील तर दोन्ही हातांवर प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या, पायांत गमबूट आणि तोंडा-डोळ्यांवर शिंतोडे उडणार नाहीत एवढे अंतर, ही किमान काळजी आहे. पशुवैद्यकाला तपासणीसाठी नमुना हवा असेल तो आधी घेऊ द्यावा. नंतर विहीर, नाला आणि बोडीपासून दूर, उंचवट्यावर सहा फूट खोल खड्डा करून त्यात चुना टाकून पुरावे, वर पुन्हा चुना टाकून माती घट्ट दाबावी. उकिरड्यावर टाकलेली वार कुत्री ओढत गावभर नेतात. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी या कामाच्या जवळही येऊ नये, कारण गाभडण्यामागे लेप्टोप्रमाणेच ब्रुसेला हा दुसरा रोगही असू शकतो आणि तोही माणसाला होतो. गाभडलेले जनावर निदान होईपर्यंत इतरांपासून वेगळे, उताराच्या खालच्या बाजूला बांधावे, म्हणजे त्याची लघवी इतरांकडे वाहणार नाही.

तपासणी आणि उपचार

पशुवैद्यकीय दवाखाना दूर असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची मागणी करता येते. तापाच्या पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो आणि नंतर लघवीत, त्यामुळे पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीसाठी कोणता नमुना घ्यायचा हे आजाराच्या दिवसावर ठरते. ताप कोणत्या दिवशी आला हे नेमके सांगावे. प्रतिपिंडांची तपासणी दोनदा करतात: पहिले रक्त आता आणि दुसरे दोन ते तीन आठवड्यांनी. दोन्हींमधील वाढ चौपट किंवा त्याहून अधिक असेल तर नुकताच संसर्ग झाल्याचे मानतात. दुसरे रक्त देण्याचा शेतकऱ्यांना कंटाळा येतो, कारण तोपर्यंत जनावर सावरलेले असते. पण एकट्या पहिल्या नमुन्यावरून अनेकदा काहीच ठरवता येत नाही. हार्डजोच्या जुनाट संसर्गात तर एकेका गाईत प्रतिपिंडांचे प्रमाण कमीच निघते, म्हणून निदान कळपाचे करतात आणि किमान दहा जनावरांचे रक्त तपासतात. गोठ्यात पाच-सहाच जनावरे असतील तर सगळ्यांचे तपासून घ्यावे.

उपचारात स्ट्रेप्टोमायसिन गटातील औषध किंवा दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरले जाते. औषध आणि मात्रा पशुवैद्यकच ठरवतील. मेडिकलमधून आणलेले एखादे इंजेक्शन गावातल्या कोणाकडून टोचून घेतल्यास ताप उतरतो, पण जंतू मूत्रपिंडात राहून जाऊ शकतो आणि तेच जनावर पुढे इतरांना रोग देत राहते. औषध चालू असताना आणि त्यानंतर पशुवैद्यकांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत दूध डेअरीला घालू नये. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी अवश्य टोचाव्यात, मात्र त्यांपैकी एकही लस लेप्टोपासून वाचवत नाही. कुत्र्यासाठी लस आहे, ती दरवर्षी द्यावी लागते. राखणीचा कुत्रा गोठ्यातच झोपत असेल तर तो खर्च टाळू नये.

बाजारातून आणलेले नवे जनावर महिनाभर वेगळ्या दावणीला बांधावे. गाय फळवायला फिरता वळू वापरण्यापेक्षा कृत्रिम रेतन करून घेणे सुरक्षित आहे, कारण हा जंतू वळूकडून गाईकडे जाऊ शकतो.

उंदीर, गोमूत्र आणि पोळा

उंदीर ढेप आणि कुटारासाठी गोठ्यात येतो आणि खातो तेथेच मुततो. सरकी ढेपेची पोती भिंतीपासून हातभर दूर, फळीवर रचावीत. भरडा पत्र्याच्या झाकणाच्या ड्रममध्ये ठेवावा. रात्री गव्हाणीत खाद्य उरू देऊ नये. बोटभर जाडीच्या भोकातूनही उंदराचे पिल्लू आत येते, म्हणून बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवावीत. विषारी आमिष ठेवायचे तर ते कुत्रा, कोंबडी किंवा वासरू पोहोचणार नाही अशा नळीत ठेवावे आणि मेलेला उंदीर पिशवी हातावर चढवून उचलून पुरावा.

गोमूत्राविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. जीवामृत आणि दशपर्णी अर्कासाठी आपल्याकडे पुष्कळ शेतकरी गोमूत्र धरतात, काही घरी ते प्राशनही करतात. गुरांची लघवी बहुधा अल्कधर्मी असते, त्यामुळे त्यात हा जंतू जिवंत राहू शकतो, आणि वाहक गाय निरोगीच दिसते. श्रद्धेचा मान राखून सांगतो, कच्चे गोमूत्र पिऊ नये आणि लहान मुलांना तर मुळीच देऊ नये. शेतीसाठी धरताना हातमोजे घालावेत, आणि गाभडलेल्या, तापलेल्या किंवा औषध चालू असलेल्या गाईचे धरू नये. दुधाची भीती त्यामानाने कमी आहे. ताज्या दुधात हा जंतू फार काळ जगत नाही आणि उकळल्यावर उरत नाही. धार काढताना अंगावर उडणारी लघवी अधिक धोक्याची असते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, आपण बैलांना नाल्यात उतरवून धुतो. नेमके हेच दिवस लेप्टोचे असतात. ज्याचा खांदा सोललेला आहे त्या बैलाला साचलेल्या डोहात न उतरवता हातपंपावर किंवा बोअरच्या वाहत्या पाण्यात धुवावे, आणि धुणाऱ्याच्या पायाला चीर असेल तर त्याने गमबुटाशिवाय पाण्यात जाऊ नये.

घरातील कोणाला जनावरांत किंवा बांधीत काम केल्यानंतर महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत लक्षणे दिसतात. लघवी कमी होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, गोठ्यात काय घडले, कोणते जनावर गाभडले, ते कोणी उचलले आणि किती दिवस झाले, हे पहिल्याच भेटीत तारखांसह सांगावे.